थोरल्या भावाचे काम

आमच्या व्यापारी कुटुंबांतून अलीकडे एक तक्रार वारंवार कानी येते. मुलगा महाविद्यालयात जातो, अभ्यासही बरा करतो. परंतु रविवार उजाडला की दुकानी बसावयाचे सोडून कोठल्याशा सेवामंडळाबरोबर खेड्यावर जातो, तेथील शाळकरी पोरांस गणित शिकवितो, त्यांच्याशी खेळतो, आणि दिवेलागणीस चिखलाने भरलेल्या पायांनी घरी येतो. वडील विचारतात, यातून मिळते काय? आई विचारते, जेवलास का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचे उत्तर मुलगा तत्काळ देऊ शकतो. पहिल्याचे त्याला नीटसे देता येत नाही, कारण जे काही घडत असते ते त्याच्याच ठायी घडत असते, आणि वाढत्या वयात आपली उंची आपणांस दिसत नाही, ती इतरांस दिसते. स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा हाच विषय घेण्याचे आम्ही ठरविले. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि पुढचे आयुष्य धान्याच्या घाऊक व्यापारात घालविले. शिक्षणशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आमच्यापाशी नाही. तथापि मूठभर दाणे हातावर घेऊन पोत्याचा अंदाज बांधण्याची सवय माणसे पाहतानाही थोडीफार उपयोगी पडते, एवढ्याच भरवशावर हे लिहीत आहोत.

प्रथम हे काम म्हणजे काय ते स्पष्ट केले पाहिजे, कारण पुष्कळांचा समज असा की ही फुकटची शिकवणी आहे. शिकवणी हा त्यातील एक भाग झाला. मूळ कल्पना अशी की, ज्या मुलाच्या घरी पुढच्या शिक्षणाची वाट दाखविणारे कोणी नाही, त्याला वयाने थोडा वडील असा एक मित्र मिळावा. त्याने आठवड्यातून एकदा नियमाने भेटावे, अभ्यास पाहावा, परीक्षेचा अर्ज कसा भरावा येथपासून वडिलांशी कसे बोलावे येथपर्यंत सर्व गोष्टींत त्याला सोबत करावी. म्हणजे घरातील थोरल्या भावाचे वा थोरल्या बहिणीचेच हे काम. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी १९०४ साली अर्नेस्ट कूल्टर नावाच्या न्यायालयातील एका कारकुनाने बालगुन्हेगारांची रांग रोज पाहून हेच काम संघटितपणे सुरू केले आणि त्यास नावही 'थोरले भाऊ' असेच पडले. पुढे थोरल्या बहिणीही त्यात आल्या. ती संस्था आजही चालू आहे.

आपल्या भागात ही गोष्ट परकी मुळीच नव्हे. निपाणीजवळील स्तवनिधी येथे १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली आणि त्या सभेच्या प्रेरणेने कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी येथे विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभी राहिली, हे सभासदांस सांगावयास नको. आपल्यापैकी कित्येकांचे वडील व आजे त्या बोर्डिंगांतून शिकले. तेथे रेक्टर एकच असे आणि मुले पुष्कळ. तेव्हा धाकट्यांचे पाढे घेणे, तापाने फणफणलेल्याच्या कपाळावर पट्टी ठेवणे, घरच्या आठवणीने रडणाऱ्यास समजाविणे ही कामे ओघानेच वरच्या वर्गातील मुलांकडे येत. त्यास कोणी समाजसेवा म्हणत नसे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. कोल्हापूरच्या आपल्याच बोर्डिंगात ते राहिले. आणि तेथून त्यांना बाहेर पडावे लागले तेही, अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्याचे नाकारले म्हणून. ही हकीकत आपल्या समाजाने लपविण्याचे कारण नाही. ते स्वतः मॅट्रिक झाले नाहीत. साताऱ्यास शिकवण्या करून त्यांनी चरितार्थ चालविला आणि लोक त्यांना 'पाटील मास्तर' म्हणू लागले. पुढे ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे नांगर विकले; म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या विक्रेत्याचे आयुष्य त्यांनी काढले. त्या फिरतीत जे पाहिले त्यातून ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह झाले, त्याच्यापायी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. १९४७ साली निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' ही योजना आली. आमच्या मते, शिकविता शिकविता शिकविणाराच घडतो याचे इतके लख्ख उदाहरण आपल्या मुलखात दुसरे नाही. शिकवण्या करणारा तरुण मास्तर त्यात अगोदर आहे, कर्मवीर नंतर.

१९४१ साली एस. एम. जोशी दलप्रमुख असताना राष्ट्र सेवा दलाने महाराष्ट्रात ज्या सायंशाखा चालविल्या, त्यांतही हाच प्रकार होता. महाविद्यालयातील तरुण शाखा घेत आणि गल्लीतील पोरे खेळावयास, गाणी म्हणावयास येत. निळू फुले त्याच मुशीतून आले. स्मिता पाटील यांचे बालपणही सेवा दलाच्या वातावरणात गेले. पुढे गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांतून सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. तिच्यात विद्यार्थ्याने वर्षास १२० तास, असे दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे असते. योजना उत्तम आहे. तथापि तासांची वही आली की तास भरण्याचीच घाई होते, हा मनुष्यस्वभाव आहे आणि त्याकडे आम्ही पुढे वळणारच आहोत.

आता कणकुंबीची हकीकत सांगतो. खानापूर तालुक्यातील हे गाव बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मलप्रभा नदीचा उगम तेथील माउलीच्या देवस्थानापाशी होतो. तीच नदी पुढे सौंदत्तीचे धरण भरून कूडलसंगमास कृष्णेला मिळते. कळसा-भांडुराच्या पाण्याच्या वादामुळे गावाचे नाव वर्तमानपत्रांत पुष्कळ वेळा येऊन गेले, परंतु नाव छापून आल्याने गावच्या पोरांच्या शाळेत फरक पडला असे नव्हे. पाऊस असा की आषाढात चार हातांवरचा माणूस दिसू नये. त्या बाजूचे भात दिवाळीनंतर बाजारात येते, त्यामुळे तिकडच्या शेतकऱ्यांशी आमच्या पेढीचा जुना संबंध. घरात मराठी, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड, आणि दहावीनंतर जे काही पुढे आहे ते कन्नडात किंवा इंग्रजीत. अशी तेथील मुलांची स्थिती. गोवा जवळ असल्याने दहावीत अडखळलेला मुलगा घाट उतरून हॉटेलात किंवा कारखान्यात कामास लागतो. त्यात कमीपणा काही नाही. पण पुष्कळदा दुसरी वाट आहे हे त्याला ठाऊकच नसते.

बेळगावातील महाविद्यालयीन मुलामुलींचे एक लहानसे मंडळ काही वर्षे त्या गावी जात असे. आपल्याच एका सभासदांचा मुलगा, वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा, त्यात होता. त्याचे व कुटुंबाचे नाव येथे देत नाही. घरी कन्नड बोलणारा, मराठी केवळ गिऱ्हाइकाशी बोलण्यापुरती येणारा हा मुलगा. त्याच्याकडे नववीतील दोन मुले सोपविली होती. पहिल्या महिन्यात तो वैतागून आम्हांस म्हणाला, "काका, त्यांना अपूर्णांकच येत नाहीत, मी बीजगणित शिकवू कसे?" आम्ही म्हटले, "मग अपूर्णांकच शिकव." त्यावर तो म्हणाला, "ते कसे शिकवतात तेच मला ठाऊक नाही. मला येतात, पण कसे येतात ते सांगता येत नाही."

वाचकहो, या एका वाक्यात पुष्कळ काही आहे. आपली मुले परीक्षेत गुण मिळवितात, परंतु आपणांस जे येते ते का येते याचा विचार करण्याची पाळी त्यांच्यावर येत नाही. ती पाळी दुसऱ्यास शिकविताना येते. आम्ही त्यास पेढीवरील जुनी मापे काढून दिली. दशमान वजने यावयाच्या अगोदर, म्हणजे १९५८च्या पूर्वी, आपला सारा बाजार अर्ध्याच्या हिशेबावर चाले. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. शाळेचे तोंड न पाहिलेली बाईदेखील शेराचा आठवा भाग म्हणजे किती हे कोळव्याने भात ओतून दाखवीत असे. तो मुलगा ती मापे पिशवीत घालून कणकुंबीस घेऊन गेला. मुलांनी भात मोजले, सांडले, पुन्हा मोजले. एक चतुर्थांश आणि एक अष्टमांश यांत मोठा कोणता, हा घोळ त्या दिवशी मिटला. आठ हा चारापेक्षा मोठा म्हणून अष्टमांशही मोठा, असे ती मुले आजवर धरून चालली होती. त्यांची चूक कोठे आहे हे सापडले म्हणून सुधारता आली. आणि ती शोधण्यासाठी आमच्या या विद्यार्थ्यास प्रथमच दुसऱ्याच्या डोक्यात शिरून विचार करावा लागला.

हीच गोष्ट व्यापारात किती मोलाची आहे ते आपणांस ठाऊक आहे. समोरचा शेतकरी भाव ऐकून गप्प का बसला, हमालाने आज मान खाली का घातली, हे ज्याला कळते त्याची पेढी टिकते. पूर्वी हे शिक्षण मुलाला गादीवर बसूनच मिळे, कारण दहाव्या-बाराव्या वर्षापासून तो वडिलांशेजारी बसे. आता तो विसाव्या वर्षापर्यंत वर्गात असतो व उरलेला वेळ मोबाइलच्या पडद्यापुढे. त्याच्याहून निराळ्या परिस्थितीतील माणसाशी मन लावून बोलण्याची वेळ त्याच्यावर येतच नाही. येते ती अशा कामात.

त्या मुलात आम्ही आणखी काय पाहिले? त्याची भाषा सुधारली, हे सर्वांत आधी दिसले. कणकुंबीची मुले त्याच्या मराठीस हसत. आणि तो त्यांच्या कन्नडास. हळूहळू अशी वाटणी झाली की गणित मराठीत आणि शेवटचा अर्धा तास कन्नडात. २०१५च्या कायद्यान्वये कर्नाटकातील शाळांतून कन्नड शिकणे टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाले आहे, तेव्हा त्या मुलांस त्याची गरज होतीच. सीमाभागात भाषेवरून मोठ्या माणसांनी काय काय केले ते आपण पाहिले आहे. त्या शाळेच्या ओसरीवर दोन्ही भाषा भाताच्या ढिगाभोवती बसून शिकल्या गेल्या.

वेळेचा नियम लागला, हे दुसरे. सकाळची एसटी चुकली तर तिकडे दोन मुले उगाच वाट पाहत बसतील, ही जाणीव घड्याळाच्या गजराहून प्रभावी ठरली. त्याच्या मातोश्रींनी आम्हांस सांगितले की, परीक्षेच्या दिवशी ज्याला चारदा हाका माराव्या लागत तो रविवारी पाचास आपण होऊन उठे. शिवाय घरात खर्चाविषयी त्याची तोंडाळ मागणी कमी झाली. हे उपदेशाने झाले नाही. एका मुलाच्या घरी पावसाळ्यात वह्या भिजू नयेत म्हणून पत्र्याच्या डब्यात ठेवतात, हे त्याने पाहिले होते, इतकेच.

परंतु सर्व गोड झाले असे लिहिले तर ते खोटे ठरेल. त्या दोन मुलांपैकी एक दहावी होऊन बेळगावास आयटीआयमध्ये आला. दुसरा परीक्षेच्या आधीच घाट उतरून गोव्यास कामास गेला, कारण घरी वडील अंथरुणास खिळले होते. आपला विद्यार्थी त्या दिवशी आमच्या पेढीवर येऊन बराच वेळ काही न बोलता बसला. आपण मनापासून केलेले काम आपल्या दोषावाचूनही फसू शकते, ही गोष्ट व्यापाऱ्याच्या मुलास एकदा समजावी लागतेच; कोणास ती पहिल्या तोट्यात समजते, त्यास ती येथे समजली. पुढे तो त्या मुलास फोन करीत राहिला आणि बाहेरून परीक्षेस बसता येते ही माहिती त्याने मिळवून दिली. तो मुलगा अद्याप बसलेला नाही.

आता जी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो. त्याच मंडळात दुसरा एक विद्यार्थी होता. मोठ्या उत्साहाने आला, छायाचित्रे काढली, प्रमाणपत्राची चौकशी केली आणि तीन महिन्यांत येणे बंद केले. त्याच्याकडे असलेला आठवीचा मुलगा पुढचे कित्येक रविवार शाळेच्या पायरीवर येऊन बसे. विचारले तर म्हणे, "मी नीट अभ्यास केला नाही म्हणून दादा येत नाहीत." मुलाने दोष स्वतःकडे घेतला.

हा केवळ आमचा समज नव्हे. वर सांगितलेल्या अमेरिकेतील संस्थेच्या कामाची १९९५ साली मोठी तपासणी प्रसिद्ध झाली. १० ते १६ वर्षे वयाची ९५९ मुले घेऊन त्यांतील निम्म्यांना थोरला सोबती लगेच दिला व निम्म्यांना प्रतीक्षेत ठेवले. १८ महिन्यांनी पाहता, सोबती मिळालेल्या मुलांत मादक पदार्थांच्या वाटेस प्रथमच जाण्याचे प्रमाण इतरांहून ४६ टक्क्यांनी कमी आढळले. शाळा चुकविणेही कमी झाले. परंतु त्याच मुलांची माहिती पुन्हा पडताळून २००२ साली दोन विदुषींनी जे मांडले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. ज्यांची सोबत वर्षभर वा अधिक टिकली त्यांना लाभ सर्वांत जास्त झाला. आणि ज्यांची सोबत तीन महिन्यांच्या आत तुटली, त्या मुलांचा स्वतःवरील विश्वास पूर्वीपेक्षाही घसरला. म्हणजे अर्धवट सोडलेले काम हे थोडे केलेले काम नव्हे. ते नुकसान होय. बयाणा देऊन माल न उचलणाऱ्यास बाजार काय म्हणतो ते आपण जाणतो. येथे तर बयाणा एका मुलाच्या मनाचा दिलेला असतो.

म्हणून सभासद बंधू-भगिनींस आमची विनंती आहे की, आपल्या मुलामुलीने हे काम हाती घेण्याचे ठरविल्यास 'यातून मिळते काय' हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवावा आणि 'वर्षभर निभावशील काय' हा प्रश्न अवश्य विचारावा. उत्तर डळमळीत असेल तर घरीच थांबवावे. त्यात कोणाचा अपमान नाही. प्रमाणपत्रासाठी, परदेशी विद्यापीठाच्या अर्जात एक ओळ वाढावी म्हणून, किंवा वाढीव गुणांसाठी जाणाऱ्यांस सरसकट दोष आम्ही देत नाही. कोणी कोणत्या हेतूने आला यापेक्षा किती दिवस राहिला हे आम्ही पाहतो. हेतू पुष्कळदा काम करता करता बदलतो.

अभ्यास बुडेल ही भीती बहुतेक वडील बोलून दाखवितात. आठवड्यातील एक दिवस, तोही पुरा नाही, एवढ्याने अभ्यास बुडत असेल तर तो इतर सहा दिवसांत बुडालेला असतो. ज्या घरी हंगामात दुकानी हातांची खरीच गरज आहे त्यांची गोष्ट निराळी. तेथे मुलाने आपल्या पेढीवरील हमालांच्या किंवा गाडीवानांच्या एखाद्या मुलाचा अभ्यास संध्याकाळी घ्यावा. त्यासाठी एसटी लागत नाही. किंबहुना हे काम आमच्या दृष्टीने अधिक कठीण, कारण ज्याच्या बापाला आपले वडील नावाने हाक मारतात त्याच्यासमोर पुस्तक घेऊन बरोबरीने बसावयाचे असते.

मुलींच्या बाबतीत घरच्यांची काळजी खरी आहे व ती हसण्यावारी नेऊ नये. कणकुंबीस जाणाऱ्या मंडळाचे नियम आम्हांस फार पसंत पडले, ते येथे सांगतो. कोणीही एकट्याने जावयाचे नाही; किमान दोन मुली बरोबर असल्याशिवाय मुलींनी निघावयाचे नाही. मुलांस भेटावयाचे ते शाळेत वा देवळाच्या उघड्या ओसरीवर, चार लोकांच्या दृष्टीसमोर. कोणाच्या घरात दार लोटून नव्हे. मुख्याध्यापकांची परवानगी आणि मुलांच्या आईबापांची संमती आधी घ्यावयाची. पैसे वा भेटवस्तू मुलाच्या हाती द्यावयाच्या नाहीत. वह्या-पुस्तके शाळेकडे द्यावयाची. हा शेवटचा नियम आपल्या मुलांस जड जातो, कारण देण्याची सवय आपल्या घरांत आहे. पण दिलेल्या वस्तूने मैत्रीचे नाते दात्याचे होऊन बसते आणि मग मुलगा अडचण सांगावयाचे सोडून गरज सांगू लागतो.

निपाणीकडील सभासदांस तर दूर जाण्याचेही कारण नाही. १९६० साली निघालेले देवचंद महाविद्यालय निपाणीला लागूनच अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात आहे. गाव कर्नाटकात व कॉलेज महाराष्ट्रात. सीमेच्या दोहों बाजूंची मुले तेथे एका बाकावर बसतात, आणि विडी वळणाऱ्या बायांची वस्ती गावातच आहे. तेथील मुलांस थोरला भाऊ हवा आहे की नाही हे तेथील कोणाही शिक्षकास विचारले तर कळेल.

ज्यांस यंदा आरंभ करावयाचा असेल त्यांनी जूनमध्ये शाळा उघडताच करावा. दिवाळीनंतर सुरू केल्यास परीक्षा येते आणि ओळख होण्यापूर्वीच वर्ष सरते. कणकुंबीच्या बाजूस जाणाऱ्यांनी आषाढ-श्रावणात सायंकाळी परतीची गाडी मिळेल की नाही याची चौकशी सकाळीच करून ठेवावी, आणि वह्या मेणकापडात गुंडाळून न्याव्यात. जुनी मापे ज्यांस हवी असतील त्यांनी आमच्या पेढीवरून न्यावीत. चिपटे, मापटे आणि पायली अद्याप शाबूत आहेत, कोळवे मात्र एकच उरले आहे, ते काम झाल्यावर परत करावे.